झाकलेल्या डोळ्याचा वा

आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारच्या खिळ्याला एक पत्रा टांगलेला असायचा. वीतभर रुंद, हातभर लांब, कडा जांभळ्या रंगानं माखलेल्या आणि मधोमध आरपार कापलेली तीन अक्षरं: पारवा. लातूरच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्याच्या बाजारामागं, डाळमिलांची जी रांग आहे, तिच्यातल्या एका मिलचा तो मार्का. पोतं भरून शिवलं की त्याच्या पोटावर पत्रा ठेवायचा, रंगात बुडवलेला कापडाचा बोळा त्यावरून फिरवायचा आणि पत्रा उचलायचा, की पोत्यावर नाव उमटलेलं. हे काम माझी माय करायची. बाकीच्या बायका डाळ निवडायच्या, गडी पोती उचलायचे, पण मार्का मारायचं काम तिच्या एकटीचं. कुणी मागच्या मागं दुसऱ्याच्या पोत्यावर मारून नेऊ नये म्हणून पत्रा मिलमध्ये ठेवायचा नाही, असा मालकांचा दंडक होता. त्यामुळं ती रोज संध्याकाळी तो फडक्यात गुंडाळून घरी आणायची, रॉकेलच्या चिंधीनं पुसायची आणि मगच चुलीपुढं बसायची. हात कितीही धुतले तरी भाकरीला थोडा रॉकेलचा वास लागायचाच. आबा पहिला घास घेऊन म्हणायचे, "आज पारवा भाजलास व्हय?" आणि माय म्हणायची, "त्याच पारव्याच्या जिवावर खाऊन राहिलाव. गप गिळा."

आबा मोंढ्यात हमाल होते. दोघांनाही अक्षरओळख नव्हती. हे मी आता सरळ लिहिते, पण कॉलेजात असताना कुणी विचारलं तर सांगायला जीभ अडखळायची. घरात जेवायला बहुतेक मिलमधून मिळणारी तुकडा डाळ, तिचं घट्ट वरण, कधी अंबाडीची भाजी, आणि सणाला येसर मसाला घातलेली आमटी. आमच्या गल्लीत दिवसभर मिलच्या पट्ट्याचा फटफट आवाज यायचा, आणि उन्हात तुरीची बारीक पिवळी धूळ चमकायची. ती धूळ पुस्तकांवर, अंथरुणावर, मायच्या पापण्यांवर बसायची. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या आयांच्या पापण्या पिवळ्याच असतात.

पत्रा स्वच्छ निघाला का हे पाहायला माय तो दारातल्या उजेडापुढं धरायची. तेव्हा सारवलेल्या जमिनीवर उजेडाची तीन अक्षरं पडायची. मी त्यांच्यावर पाय पडू द्यायची नाही. बारकाईनं पाहिलं तर अक्षरं अखंड नव्हती. डोक्यावरची रेघ जागोजागी तुटलेली होती. 'वा'चा जो गोल डोळा असतो त्याच्या मधून पत्र्याची एक पट्टी गेलेली होती, आणि ती सरळ नव्हती, तिरपी होती. ज्या कारागिरानं पत्रा कापला त्याची छिन्नी तिथं घसरली होती म्हणे. मालकांनी तेव्हा पत्रा परत करायचा म्हटलं, तर मायच म्हणाली होती, "राहू द्या मालक. एक डोळा झाकून बघून राहिलाय, गुणाचा दिसतो." मिलमधल्या बायका त्याला झाकलेल्या डोळ्याचा वा म्हणायच्या. म्हणजे, 'वा' असं त्या म्हणायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "शेवटचा, झाकलेल्या डोळ्याचा."

मी बारावी लातुरात केली आणि बी.ए.ला नांदेडला गेले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. हे मी नम्रपणानं वगैरे सांगत नाही, अभिमानानंच सांगते. पदवीचा कागद हातात आला तेव्हा आबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्यात तुझं नाव कुठं हाय?" मी बोट ठेवलं. त्यांनी त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. पदवीनंतर मी नांदेडलाच कॉम्प्युटरवर छपाईची अक्षरं जुळवायचा कोर्स केला. त्या वेळी तो नवीन होता. शिकवणाऱ्या सरांकडं एक सीडी होती, तिच्यात मराठी अक्षरांचे ढिगानं नमुने. जाड, बारीक, लग्नपत्रिकेसारखे लपेटे घेतलेले, सावली पडलेले, दगडात कोरल्यासारखे. एक शब्द टाइप करायचा आणि बटण दाबलं की त्याचा चेहरा बदलायचा, पुन्हा दाबलं की पुन्हा. मी पहिल्या दिवशी 'लातूर' हा एक शब्द दुपारभर बदलत बसले होते. मला वाटलं, हीच खरी विद्या.

मी परत आले त्याच सुमाराला मालकांनी किलोच्या पाकिटात डाळ विकायचं ठरवलं. पोत्यावर मार्का मारता येतो, चकचकीत पाकिटाला छापायलाच लागतं. मालक मायला म्हणाले, "तुमची पोरगी कॉम्प्युटर शिकून आली ना? मग बाहेर कशाला जायचं?" माय त्या दिवशी घरी आली ती पत्रा पुसायचंच विसरली. जेवताना दोनदा म्हणाली, "मालक स्वतः म्हणले."

मी महिनाभर काम केलं आणि काहीही हातचं ठेवलं नाही. पाकिटावर 'पारवा' लपेटेदार अक्षरात, मागं सोनेरी सावली. बिलावर दगडी अक्षर, कारण बिल भक्कम दिसावं. मिलच्या पाटीवर तिसरंच, टेंपोच्या फळीवर फळी भरेपर्यंत ताणलेलं चौथं. पोत्यांसाठीही आता छापील लेबल, त्यावर पाचवं. आणि ती घसरलेल्या छिन्नीची तिरपी पट्टी तर मी सगळ्यात आधी पुसली. मला ती आमच्या अडाणीपणाची खूण वाटायची. मालक खूश झाले. चहा मागवला, पहिलं पाकीट मायच्या हातात दिलं. तिनं ते जवळ धरलं, लांब धरलं, आणि हळूच म्हणाली, "लई चांगलं हाय. पण पारवा कुठं हाय?"

मी हसले. चार माणसांत हसले आणि बोट ठेवून म्हणाले, "माय, हे काय लिहिलंय? पा-र-वा." ती म्हणाली, "हाव का? मला काय कळतंय." आणि पाकीट टेबलावर ठेवून निवडणीच्या बायकांत जाऊन बसली. लेबलं छापून आल्यामुळं पत्र्याचं काम संपलं होतं, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या ओळीत बसून खडे वेचू लागली. पत्रा खिळ्यालाच राहिला, न पुसलेला. आमचं बोलणंही कामापुरतं उरलं. त्या हसण्याचा आवाज मला आजही, पन्नाशी ओलांडल्यावर, केव्हाही ऐकू येतो.

तीन आठवड्यांत देगलूरचा माल परत आला. देगलूर म्हणजे आमच्या मिलचं मोठं गिऱ्हाईक. तिथल्या बाजारात पलीकडच्या तेलंगी आणि कानडी खेड्यांतली माणसं खरेदीला येतात. दुकानदारानं निरोप धाडला होता की पारवा म्हणून दुसराच माल पाठवू नका. मालकांचा चेहरा उतरला. ते मला रागावले नाहीत, तेच अवघड होतं. एवढंच म्हणाले, "बाई, डाळ तीच, घाणा तोच. अजून एक खेप परत आली तर देगलूरची गाडी बंद करावी लागंल. आणि ती गाडी बंद म्हणजे निवडणीच्या निम्म्या बायका घरी." निम्म्या बायकांत माय होती. सगळ्यात शेवटी ओळीत आलेली तीच होती. घरी आबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "पारव्याची कोंबडी केलीस बघ." मी म्हटलं, "आबा, तुम्हाला तरी वाचता येतं का?" ते भाकरी मोडत म्हणाले, "मला न्हाई येत. पण पन्नास मिलांच्या थप्प्या लावून राहिलो इतकी वर्षं. एक पोतं कधी चुकीच्या थप्पीला गेलं न्हाई. तुझी नवी पोती आली त्या दिवशी मी दोन थप्प्या चुकवल्या."

मी दुसऱ्या दिवशी मिलच्या टेंपोनं देगलूरला गेले. दुकानदार अण्णा गल्ल्यावर बसून एका माणसाशी मराठी, दुसऱ्याशी तेलुगू आणि पोराशी कानडी बोलत होते. मी स्वतःची ओळख दिली तर म्हणाले, "तूच का ती कॉम्प्युटरवाली? बस. बोलू नको, नुसतं बघ." मी पोत्यावर बसले. थोड्या वेळानं हिरव्या लुगड्यातली एक बाई आली. वय झालेलं, हातात कापडी पिशवी. ती तेलुगूत काहीतरी म्हणाली. अण्णांनी माझं नवं पाकीट तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते उचललं, फिरवलं, नावावरून अंगठा फिरवला, आणि परत ठेवत म्हणाली, "इदि कादु." मग डोळ्याकडं बोट नेऊन म्हणाली, "कन्नु लेदु."

अण्णा माझ्याकडं वळले. "कळलं का? म्हणती, हे ते नव्हं. डोळा न्हाई ह्याला. कन्नु म्हणजे डोळा. ह्या लोकांना तुमची लिपी येत न्हाई. पारवा हा शब्द त्यांना ठाऊकच न्हाई. ते येऊन म्हणतात, कन्नु पप्पु द्या. डोळ्याची डाळ. माझ्या बापाच्या काळापासून."

त्यांनी मागच्या अंधारातून एक जुनं पोतं ओढून पुढं आणलं. अर्धं रिकामं. त्यावर मायनं मारलेला मार्का होता, जांभळा, थोडा पसरलेला. त्या बाईनं तो पाहिला मात्र, तिचं तोंडच बदललं. बाजारात गावाकडचं माणूस भेटावं तसं. तिनं 'वा'च्या झाकलेल्या डोळ्यावर बोट टेकवलं आणि पिशवी उघडून धरली.

मी त्या दुकानात किती वेळ बसले ते सांगता येत नाही. मला काय झालं ते सांगायचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे, जमलेलं नाही. आपण देवळात सवयीनं हात जोडतो आणि एखाद्या दिवशी खरोखरच समोर कुणीतरी आहे असं वाटून अंगावर काटा येतो, तसं काहीसं. तीन मुलखांतली, तीन भाषांची, अक्षर न येणारी माणसं एका घसरलेल्या छिन्नीच्या खुणेवर विश्वास ठेवून डाळ शिजवत होती. ती खूण उमटवणारा हात माझ्या मायचा होता. तिलाही वाचता येत नव्हतं. ती इकडून लिहीत होती, ती बाई तिकडून वाचत होती, आणि दोघींच्या मध्ये शिकलेली अशी मी एकटीच होते. मी ते पुसून टाकलं होतं.

घरी येऊन मी आधी पत्रा पुसला. माय चुलीपाशी होती. तिनं पाहिलं आणि भाकरी थापत राहिली. मी पत्रा कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवायला बसले. मग विचारलं, "माय, ही पट्टी कशाला ठेवतात गं?" ती म्हणाली, "न्हाई ठिवली तर डोळा निघून पडतो की. आतला तुकडा कशाला धरून राहील?" हात पुसत ती माझ्याजवळ येऊन बसली. "पट्टी हाय म्हणून अक्षर एका अंगात राहतं." मला वाटतं, तिथून पुढं आम्ही पुन्हा बोलू लागलो.

मालकांकडून मी एक महिना मागितला. त्यांनी पंधरा दिवस दिले. मला नुसती तीन अक्षरं परत आणून भागणार नव्हतं. तूरडाळ, मूगडाळ, हरभरा डाळ, मसूर, सगळी नावं त्याच घराण्यातली दिसायला हवी होती, म्हणजे पाकीट, पोतं, बिल, पाटी कुठंही पाहिलं तरी माणसानं एकच चेहरा ओळखावा. मी आलेखाच्या कागदावर चौकटी मोजून एकेक अक्षर काढू लागले. कडा छिन्नीनं तोडल्यासारख्या, डोक्यावरची रेघ तुटक, आणि प्रत्येक डोळ्यात तिरपी पट्टी. 'ळ'पाशी अडले. त्याला दोन डोळे. दोन्हींत तिरप्या पट्ट्या काढल्या तर काहीतरी बिघडायचं, पण काय ते कळेना. मायला दाखवलं. ती म्हणाली, "दोन्ही झाकले तर मेल्यावाणी दिसंल. एक झाक. दुसऱ्यात उभी पट्टी घाल, बाहुलीवाणी. म्हणजे जिता राहील." तसं केलं आणि तो 'ळ' माझ्याकडं बघू लागला. मी त्यानंतर मोठमोठ्या माणसांकडून अक्षरांविषयी पुष्कळ ऐकलं आहे. इतकं नेमकं कुणी सांगितलेलं आठवत नाही.

चौदाव्या दिवशी मी नांदेडला सरांकडं जाऊन सगळी अक्षरं कॉम्प्युटरवर चढवली आणि एका मोठ्या कागदावर छापून आणली. मिलमध्ये तो कागद निवडणीच्या ताडपत्रीवर पसरला. मालक होते, बायका होत्या. मी मायला म्हटलं, "बघ." ती गुडघ्यावर बसली आणि बोट एकेका अक्षरावरून नेऊ लागली. "हा आपला. हा आपला. हा बी आपला." मधेच थांबली. "आणि हा पाहुणा कोण?"

बोट 'हरभरा'तल्या 'भ'वर होतं. माझे कान तापले. 'भ' काढायला वेळ उरला नव्हता, म्हणून मी सीडीतला तयार 'भ' उचलून त्याच्या कडा तोडल्या होत्या, त्याच्या गाठीत तिरपी पट्टी घातली होती. सरांनाही ते ओळखू आलं नव्हतं. मी विचारलं, "कशावरून?" ती म्हणाली, "पट्टी घातलीस, पण ह्याला छिन्नी लागली न्हाई. नवं लुगडं नेसून आलाय, पण चाल दुसऱ्या गावची हाय." बायका हसल्या. मालक हसले नाहीत. ते कागदाकडं आणि मायकडं पाहत होते. शेवटी मला म्हणाले, "बाई, तो 'भ' बदला. आणि आजपासून ह्यांनी आपला म्हटल्याशिवाय कुठलाच कागद छापायला जाणार न्हाई."

'भ' मी त्याच दिवशी तिथंच बसून काढला. मग एका पुठ्ठ्यावर नियम लिहून मिलच्या भिंतीला लावले. नावाला हेच अक्षर, दुसरं नाही. वजन, पत्ता वगैरे बारीकसारीक मजकुराला एकच साधं अक्षर, त्यानं नावाशी स्पर्धा करायची नाही. रंग जांभळाच. सावली नाही, लपेटा नाही, ताणणं नाही. टेंपोची फळी रंगवणारा पेंटर नियम ऐकून म्हणाला, "सावली न्हाई तर मग कलाकारी काय राहिली?" माय म्हणाली, "फळी मोठी हाय म्हणून तुझं नाक ताणलं तर चालंल का?" त्यानं सावली दिली नाही. पोत्यांसाठी मी काढलेल्या नमुन्यावरून नवे पत्रे कापून आणले. लेबलं बंद झाली आणि मार्का पुन्हा मायच्या हातात आला.

आज माझं नांदेडला छोटं कार्यालय आहे, संस्था, दुकानं, शाळा माझ्याकडं आपला चेहरा ठरवायला येतात. पोरंपोरी लॅपटॉपवर पाच मिनिटांत शंभर अक्षरं दाखवतात आणि विचारतात, मॅडम, कुठलं छान दिसतं? मी विचारते, तुमच्याकडं आधीपासून ओळखीचं काय आहे? बहुतेकांना प्रश्न कळत नाही. ज्यांना कळतो त्यांना मी माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगलेला जुना पत्रा दाखवते.

पण मला सांगायचं आहे ते नवी पाकिटं देगलूरला गेली त्या दिवसाचं. मी मायला बरोबर नेलं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, आणि टेंपोत पूर्ण रस्ता मांडीवर एक पाकीट धरून बसली. अण्णांनी आम्हाला त्याच पोत्यावर बसवलं. मायला मी सांगून ठेवलं होतं की बोलायचं नाही, नुसतं बघायचं. गिऱ्हाइकं आली, गेली. कुणी तेल घेतलं, कुणी साखर. माय पदराची कड चोळत होती. मी दाराकडं पाहत होते. या खेपेला माल परत आला असता तर मला तिच्या तोंडाकडं बघता आलं नसतं.

दुपार कलली तेव्हा हिरव्या लुगड्यातली ती बाई आली. अण्णांनी नव्या पाकिटांच्या फळीकडं नुसता हात केला. ती पाकिटांपुढं उभी राहिली. एक उचललं. अंगठा नावावरून सावकाश गेला, पहिल्या अक्षरावरून, दुसऱ्यावरून, आणि तिसऱ्याच्या डोळ्यावर येऊन थांबला. तिनं पाकीट पिशवीत टाकलं, दुसरं उचललं, तेही टाकलं, आणि मिठाचा भाव विचारू लागली.

मायनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांना अजून जांभळा रंग होता.

"वाचलं की गं तिनं," ती म्हणाली.